गुडघा सुजला? आधी सांगा, उजवा की डावा!

गुडघा सुजला की घरातली निदानं तयारच असतात. 'वात आलाय', 'थंडी बाधली', 'पाणी झालंय'. अमेरिकेतल्या विमा कंपनीला मात्र यातलं काही चालत नाही. तिला आजाराचा कोड लागतो, जागतिक यादीवरून अमेरिकेनं वाढवलेल्या यादीतला. त्याशिवाय बिल पुढे सरकत नाही. तिथल्या पेशंटचे कागद वाचून हे कोड काढणारी बरीच मंडळी आपल्या नवी मुंबईत आणि पुण्यात बसलेली असतात. त्यांच्या दुनियेतल्या काही गमती वाचा.

शेवटचा आकडा बाजू सांगतो
उजव्या गुडघ्यात पाणी झालं तर एम२५.४६१, डाव्यात झालं तर एम२५.४६२. डॉक्टर बाजू लिहायलाच विसरले तर एम२५.४६९, म्हणजे 'कुठला गुडघा, देव जाणे!' दोन्हींत पाणी असेल तर जोडकोड नाही, दोन्ही कोड वेगवेगळे द्यायचे. झिजलेल्या दोन्ही गुडघ्यांना मात्र एम१७.० हा एकच कोड पुरतो.

सगळी सूज सारखी नसते
सांध्याच्या आतलं पाणी 'एम'च्या प्रकरणात. कातडीखाली नुसता फुगवटा दिसतोय आणि कारण सापडलेलं नाही, तर तो लक्षणांच्या 'आर'मध्ये. गुडघ्याच्या मागे, लवणीत पिशवी आली तर उजवीकडे एम७१.२१. या पिशवीला लंडनचे सर्जन विल्यम मॉरंट बेकर यांचं नाव आहे, त्यांनी १८७७ मध्ये तिचं वर्णन केलं. पुढून, वाटीवरची पिशवी सुजली तर एम७०.४. गुडघे टेकून फरशी पुसणाऱ्यांना किंवा लाद्या बसवणाऱ्यांना हा त्रास होतो.

सुई आत गेली की कोड बदलतो
धडधाकट गुडघ्यात वंगणासारखं पाणी असतं जेमतेम चमचाभर, तेही भरत नाही. सुजलेल्या गुडघ्यातून डॉक्टर सिरिंज भरभरून काढतात आणि आधी त्या पाण्याचा रंग बघतात. गढूळ असेल तर जंतूंची शंका. लाल असेल तर सांध्यात रक्त, उजवीकडे एम२५.०६१. रक्तावर तेलासारखे थेंब तरंगले तर हाड मोडल्याचा संशय, कारण ती हाडातली चरबी असते. सूक्ष्मदर्शकाखाली सुईसारखे टोकदार स्फटिक दिसले तर गाऊट. दुसऱ्या कशामुळे न झालेला, उजव्या गुडघ्यातला गाऊट म्हणजे एम१०.०६१. एवढं कळल्यावर 'पाणी झालंय' हा कोड सहसा गळतो. मूळ आजार लिहिला की त्याच्याबरोबर येणारं लक्षण वेगळं लिहायचं नाही, असा नियम आहे.

'बहुधा'ला ओपीडीत किंमत नाही
ओपीडीच्या कागदावर डॉक्टरांनी 'बहुधा गाऊट' लिहिलं तर कोडरला गाऊटचा कोड देता येत नाही. सूज, दुखणं, जे नक्की दिसतंय तेवढंच द्यायचं. तेच 'बहुधा' पेशंटला डिस्चार्ज देताना लिहिलेलं असेल, तर रुग्णालयाला आजार आहे असं धरून कोड देता येतो. शब्द तोच, पण खाटेवर झोपल्यावर त्याचं वजन वाढतं!

पडलात? जरा सविस्तर सांगा
जिन्यावरून पडून उजवा गुडघा मुका मारानं सुजला तर एस८०.०१एक्सए. जिन्याचा कोड वेगळा. मधला 'एक्स' फक्त जागा भरायला असतो, कारण शेवटचं अक्षर सातव्याच घरात बसायला हवं. ते अक्षर 'ए' असेल तर उपचार जोरात चालू आहेत. 'डी' म्हणजे आता फक्त भरून येण्याची वाट. 'एस' म्हणजे दुखापत गेली, खोड मागे राहिली. अनेकांना 'ए' म्हणजे पहिली भेट वाटते. पण तिसऱ्या भेटीतही मुख्य उपचार सुरू असतील तर 'ए'च राहतो.

पोपट, योगासनं आणि सासर
पोपट चावला? डब्ल्यू६१.०१. योगासनं करताना लागलं? वाय९३.४२. तुरुंगातल्या पोहण्याच्या तलावात लागलं? त्या जागेलाही कोड आहे. विमानाच्या जेट इंजिनात ओढले गेलात, तर व्ही९७.३३. त्यालाही शेवटी 'डी' लावता येतो, म्हणजे माणूस वाचला आणि पुढच्या तपासणीलाही आला! आणि सासरच्या मंडळींशी पटत नसेल तर झेड६३.१. हा तर थेट जागतिक यादीतच आहे.

चिकुनगुन्या विसरू नका
२००६ मध्ये महाराष्ट्रात चिकुनगुन्यानं घरोघरी सांधे धरले होते. त्याचा कोड ए९२.०, संसर्गाच्या प्रकरणातला. म्हणजे दुखतो गुडघा, पण आजाराचा पत्ता डासाच्या घरचा.

मोजमापाचं घराणं
या यादीचं मूळ पॅरिसचे संख्याशास्त्रज्ञ जाक बर्टियाँ यांनी १८९३ मध्ये शिकागोत मांडलेल्या मृत्यूच्या कारणांच्या यादीत आहे. त्यांचे बंधू आल्फाँस यांनी गुन्हेगारांची शरीरं मोजून ओळख पटवायची पद्धत काढली. एकानं मरणाची कारणं मोजली, दुसऱ्यानं चोरांचे हातपाय! १९४८ मध्ये यादी जागतिक आरोग्य संघटनेकडे आली. अमेरिकेनं आपली विस्तारित दहावी आवृत्ती १ ऑक्टोबर २०१५ ला लागू केली आणि सुमारे १४ हजार कोड होते ते ६८ हजारांच्या वर गेले. त्याआधी गुडघ्यातल्या पाण्याला ७१९.०६ हा एकच आकडा होता, उजवं-डावं नव्हतंच. आता जागतिक यादीची अकरावी आवृत्तीही आली आहे. तिच्या कोडमधून 'आय' आणि 'ओ' ही अक्षरं वगळली, कारण ती एक आणि शून्य वाटतात.

तुमच्या कामाचं
आपल्याकडेही आरोग्य विम्याच्या क्लेम फॉर्ममध्ये, रुग्णालयानं भरायच्या भागात, या कोडसाठी जागा असते. कोडर कितीही हुशार असला तरी कागदावर नसलेलं त्याला कळत नाही. म्हणून घरी निघण्यापूर्वी डिस्चार्ज कार्डवर तीन गोष्टी तपासा : गुडघा उजवा की डावा, सूज कधीपासून, आणि कशामुळे. काही राहिलं असेल तर डॉक्टरांकडून तिथंच लिहून घ्या. क्लेम अडकल्यावर धावपळ करण्यापेक्षा ती दोन मिनिटं स्वस्त पडतात.