गतिनियंता, लहान एंजिनाचा

एंजिनावरील भार बदलला, तरी त्याचा वेग ठराविक मर्यादेत राखणारी यंत्रणा. जेम्स वॉट यांनी १७८८ मध्ये बाष्प एंजिनाला केंद्रोत्सारी गतिनियंता जोडला; लहान पेट्रोल एंजिनांतही तेच तत्त्व वापरतात. वेग वाढला की फिरणारी वजने बाहेर फेकली जाऊन थ्रॉटल झडप मिटू लागते. वेग घटला की स्प्रिंग ती उघडते.

पुण्याच्या कायनेटिक एंजिनिअरिंग कंपनीने १९७२ मध्ये आणलेल्या लूना (सु. ५० घ. सेंमी.) या पेडल असलेल्या दुचाकीत वेगाचे नियमन चालकाच्या मुठीतच असे. वर्धा जिल्ह्यातील एखाद्या विहिरीवरील पंपाच्या एंजिनाजवळ मात्र सतत माणूस नसतो. पाणी खालावून पंप हवा ओढू लागला की भार एकदम उतरतो. गतिनियंता नसल्यास एंजिन बेफाम फिरेल.

असे एंजिन सायकलीला जोडल्यास जुळणी पुन्हा तपासावी लागते. एंजिन बंद ठेवून गतिनियंत्याच्या भुजेचा बोल्ट सैल करतात. भुजा थ्रॉटल पूर्ण उघडेल अशी धरून गतिनियंत्याचा दंड त्याच दिशेने अखेरपर्यंत फिरवितात व बोल्ट आवळतात. नंतर एंजिन चालवून स्प्रिंगचा ताण व मर्यादा-स्क्रू यांनी कमाल वेग निर्मात्याने दिलेल्या मर्यादेत (पुष्कळ एंजिनांत मिनिटास सु. ३,६०० फेरे) ठेवतात. मुठीची तार किंचित सैल असावी. हँडल दोन्हीकडे वळविले तरी मंदगती वाढता कामा नये.

अधिक वेगासाठी गतिनियंता काढून टाकणे धोक्याचे असते. वेग दुप्पट झाल्यास संयोगदांड्यावरील निरूढी प्रेरणा चौपट होते व तो तुटू शकतो.