चित्रीकरणात ब्लँक काडतुसांचा वापर

ब्लँक काडतूस म्हणजे स्फोटक टोपी व दारू असलेले, परंतु गोळी नसलेले काडतूस होय. चित्रपट, मालिका व नाटकांत गोळीबाराचा आवाज, धूर आणि नळीच्या तोंडाशी दिसणारी ज्वाळा खरी भासावी म्हणून ते वापरतात. शासकीय मानवंदनेच्या वेळी पोलीस हवेत झाडतात ती काडतुसेही याच प्रकारची असतात. गोळी नसल्यामुळे ती निरुपद्रवी असतात, हा समज चुकीचा आहे. जवळून झाडलेले ब्लँक काडतूस प्राणघातक ठरू शकते.

रचना व धोका

जिवंत काडतुसात पुंगळी, तिच्या बुडाशी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी असे चार भाग असतात. ब्लँक काडतुसात गोळी वगळून पुंगळीचे तोंड चुण्या घालून मिटवतात किंवा कागद, पुठ्ठा अथवा प्लॅस्टिकचा बोळा बसवून बंद करतात. चाप ओढताच तप्त वायू, अर्धवट जळालेले दारूचे कण आणि असल्यास तो बोळा वेगाने बाहेर फेकला जातो. काही अंतरावर हा मारा विरून जातो, मात्र नळी शरीराला टेकलेली असेल तर त्याचा सारा जोर एकाच जागी बसतो.

दिवाळीतील टिकल्यांच्या पिस्तुलाशी केली जाणारी तुलना म्हणूनच फसवी आहे. टिकलीतील अत्यल्प स्फोटक उघड्यावर फुटते. ब्लँकमधील दारू बंद पोलादी कोठीत जळते व तिच्या वायूंना बाहेर पडण्यास मुख्यतः नळी हीच वाट असते. काही पिस्तुलांत नळी बंद करून वायू वरच्या किंवा बाजूच्या छिद्रातून सोडतात. अशा वेळी पिस्तूल धरणाऱ्याचा चेहरा व शेजारी उभा असलेला सहकलाकार धोक्याच्या पट्ट्यात येतो. शिवाय आवाजाचा क्षणिक दाब १४० डेसिबलच्या पुढे जाऊ शकतो. बंदिस्त खोलीतील दृश्यात कानांना इजा होण्याचा धोका अधिक असतो.

डमी काडतूस हा निराळा प्रकार आहे. त्यात गोळी दिसते, पण दारू किंवा कार्यक्षम टोपी नसते. रिव्हॉल्व्हर समोरून टिपताना काडतुसे भरलेली दिसावीत यासाठी ते लागते. ओळख पटावी म्हणून पुंगळीला छिद्र पाडतात किंवा आत छर्रा घालतात, जो हलवल्यावर खुळखुळतो. ब्लँक, डमी आणि जिवंत काडतुसांची सरमिसळ हे गंभीर अपघातांमागचे एक प्रमुख कारण आहे.

प्रमुख दुर्घटना

अमेरिकी अभिनेता जॉन-एरिक हेक्सम याने ऑक्टोबर १९८४ मध्ये एका मालिकेच्या सेटवर, चित्रीकरण थांबलेले असताना, ब्लँक भरलेले रिव्हॉल्व्हर गमतीने स्वतःच्या कानशिलाला लावून चाप ओढला. त्या आघाताने कवटीचे हाड फुटून मेंदूत घुसले व काही दिवसांनी त्याचा मृत्यू झाला.

३१ मार्च १९९३ रोजी ‘द क्रो’ या चित्रपटाच्या सेटवर ब्रँडन ली याचा मृत्यू झाला. या घटनेतील कार्यकारणभाव समजून घेण्याजोगा आहे. खऱ्या काडतुसांतील दारू काढून घरगुती डमी तयार केली होती, पण एका काडतुसाची टोपी तशीच राहिली. त्या टोपीच्या जोराने गोळी पुंगळीतून सुटून नळीत अडकली व ती कोणाच्या लक्षात आली नाही. पुढे त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये ब्लँक भरून झाडले गेले आणि ब्लँकच्या वायूंनी अडकलेली गोळी बाहेर ढकलली. नळीत एकदा डोकावून पाहिले असते तर हा मृत्यू टळला असता.

२०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे एका संगीतचित्रफितीसाठी ब्लँक झाडताना छातीला इजा होऊन योहान ऑफनर या कलाकाराचा मृत्यू झाला. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी ‘रस्ट’ च्या तालमीत छायाचित्रणकार हलिना हचिन्स यांचा झालेला मृत्यू मात्र ब्लँकमुळे नव्हता. रिव्हॉल्व्हरमध्ये जिवंत काडतूस होते. शस्त्रे सांभाळणाऱ्या हॅना गुटिएरेझ-रीड यांना २०२४ मध्ये १८ महिन्यांची शिक्षा झाली.

सेटवरील कार्यपद्धती

जिवंत काडतूस चित्रीकरणस्थळी कोणत्याही कारणाने आणू नये, हा पहिला नियम आहे. शस्त्रे एकाच जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात, कुलपात व मोजदाद ठेवून राहतात. प्रत्येक दृश्यापूर्वी ती व्यक्ती नळी व कोठी रिकामी असल्याचे कलाकाराला प्रत्यक्ष दाखवते आणि त्यानंतर सर्वांसमोर काडतुसे भरते. “पिस्तूल थंड आहे” असे कोणी सांगितले, एवढ्यावर विसंबणे पुरेसे नाही.

नळी कोणाकडेही थेट रोखायची नसते. कॅमेऱ्याचा कोन योग्य निवडल्यास बाजूला रोखलेले पिस्तूलही पडद्यावर समोरच्यावर रोखलेले दिसते. कॅमेरा नळीच्या रेषेतच हवा असेल तर तो दुरून चालवतात किंवा मध्ये पारदर्शक संरक्षक पत्रा लावतात. दृश्यास पुरेल इतकीच कमी दारू असलेले काडतूस निवडतात. चाप ओढूनही बार न उडाल्यास नळी सुरक्षित दिशेला धरून थांबतात, कलाकाराने ते स्वतः उघडून पाहायचे नसते. “कट” होताच शस्त्र परत घेतले जाते. हेक्समचा अपघात अशाच मधल्या वेळेत घडला.

भारतातील कायदा

ब्लँक भरले म्हणून खरी बंदूक खेळणे ठरत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३ नुसार अग्निशस्त्र व दारूगोळा बाळगण्यास परवाना लागतो. पोलीस आयुक्तालय नसलेल्या जिल्ह्यांत परवान्याचे अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे असतात. त्यामुळे कोपरगाव परिसरात, गोदाकाठी किंवा उसाच्या फडात बाह्यचित्रीकरण करायचे असल्यास, परवान्याचा प्रश्न सुमारे १०० किलोमीटरवरील अहिल्यानगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयाशी निगडित असतो. मुंबईच्या स्टुडिओत जमाव आवरण्यास भिंती असतात, येथे बघ्यांची गर्दी सहज नळीच्या पट्ट्यात येते. म्हणून स्थानिक पोलीस ठाण्यास व आसपासच्या वस्त्यांना वेळेची पूर्वसूचना देणे, दोरखंड लावून अंतर राखणे आणि रुग्णवाहिका जवळ उभी ठेवणे आवश्यक ठरते. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

पर्याय

‘रस्ट’ च्या घटनेनंतर ‘द रुकी’ या अमेरिकी मालिकेने सेटवर हवेच्या दाबावर चालणाऱ्या नकली बंदुका वापरून ज्वाळा संगणकावर भरण्याचे जाहीर केले. बंदुकीचा धक्का व कलाकाराचे दचकणे ब्लँकनेच खरे वाटते, असे त्याचे समर्थक म्हणतात. दूरच्या दृश्यांत मात्र हा फरक प्रेक्षकाला क्वचितच जाणवतो, आणि तेथे रबरी बंदूक पुरेशी असते.