माल करंजाहून निघाला, वाट ठरली तिथीवर!

उरणजवळच्या करंजाच्या जेट्टीवरून समोर अलिबाग तालुक्यातलं रेवस दिसतं. मधे खाडी, दोन-अडीच किलोमीटरची. लाँचने पाव तासात पलीकडे. तोच माल टेंपोत घातला, की पेण, वडखळ, पोयनाड करत साठ-सत्तर किलोमीटरचा वळसा! गाड्यांच्या फेऱ्या आखणाऱ्यांचा पहिला धडा इथेच मिळतो: नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजायचं नाही. माजी मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासून ज्याची चर्चा आहे, तो रेवस-करंजा पूल वापरात आला की उरण-अलिबागमधल्या प्रत्येक मालगाडीची फेरी नव्याने आखावी लागेल.

पाऊणपट करा, वेळ काढा

कोणत्या दुकानात किती ते किती या वेळेतच माल घेतला जातो, ही अट फेऱ्या आखण्याच्या शास्त्रात ‘टाइम विंडो’ म्हणून ओळखली जाते. आपल्या किनाऱ्यावर ही वेळ चंद्र ठरवतो, आणि ती रोज सरकते. उरणच्याच मोरा बंदरात मोठ्या ओहोटीला गाळामुळे लाँच खोळंबतात, हे मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावर ताटकळलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण भरती कधी, हे काढायला कोकणात अॅप लागत नव्हतं. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी? चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमी? सहा. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे जाते आणि हा हिशेब 45 मिनिटं धरतो, म्हणून तो इतका जवळ येतो. तोंडी करता येणारं इतकं सुंदर वेळापत्रक मी दुसरं पाहिलेलं नाही.

दहा जोड्या, साडेसात वर्षं

एकाकडून माल उचलायचा आणि दुसऱ्याकडे उतरवायचा, अशा पाच जोड्या एकाच टेंपोला दिल्या. उचलण्याआधी उतरवता येत नाही, एवढीच अट. तरी शक्य क्रम होतात 1,13,400. जोड्या दहा केल्या, तर क्रमांचा आकडा पावणेचोवीस कोटी गुणिले एक कोटीपर्यंत जातो. सेकंदाला एक कोटी क्रम तपासणारं यंत्र लावलं, तरी त्याला सुमारे साडेसात वर्षं लागतील, शनीची साडेसातीच! म्हणून मोठ्या कामात संगणकसुद्धा बहुतेकदा सगळे क्रम तपासायच्या फंदात पडत नाही, चांगला मार्ग सापडला की त्याचं समाधान होतं.

त्यातून माल रचण्याचा पेच वेगळाच. मागचं दार एकच असेल, तर शेवटी चढवलेला खोका आधी उतरतो. पापलेटचे खोके तळाशी आणि त्यांचं गिऱ्हाईक पहिल्याच नाक्यावर, असं झालं की भर रस्त्यात अर्धा टेंपो रिकामा करावा लागतो आणि तोवर बर्फ वितळत राहतो.

हे गणित आलं कुठून?

पेट्रोलच्या टँकरमधून! 1959 मध्ये डँझिग आणि रॅमसर या दोघांनी डेपोतून पंपांपर्यंत इंधन नेणाऱ्या गाड्यांचा प्रश्न पहिल्यांदा नीट मांडला. 1964 मध्ये क्लार्क आणि राइट यांनी त्यावर साधा तोडगा दिला. समजा, डेपोपासून एक दुकान 12 किलोमीटरवर, दुसरं 15 वर आणि दोन दुकानांत अंतर 5. दोन वेगळ्या फेऱ्या केल्या तर 54 किलोमीटर. एकाच फेरीत दोन्ही उरकली तर 32. वाचले 22. ज्या जोडीत बचत सर्वांत जास्त, ती आधी जुळवायची. कागद-पेन्सिलीने आजही करून बघता येतं.

रिकामा डबा सर्वांत महाग

करंजापासून जवळच न्हावा-शेवा. 1989 मध्ये सुरू झालेल्या या बंदराने 2023-24 मध्ये वीस फुटी मापाने 64 लाखांहून अधिक कंटेनर हाताळले. इथे खरी डोकेदुखी रिकाम्या फेरीची. आयातीचा कंटेनर पुण्याच्या कारखान्यात उतरवून ट्रेलर रिकामा डबा घेऊन घाट उतरतो आणि त्याच दिवशी दुसरा ट्रेलर निर्यातीच्या मालासाठी रिकामा डबा घेऊन घाट चढत असतो! दोघांची गाठ पुण्यातच घालून दिली, तर एक अख्खी जा-ये वाचते. पण माप जुळायला हवं, डबा धड हवा आणि तो ज्या जहाज कंपनीचा, तिचा होकार हवा. डिझेल, घाटातली कोंडी आणि चालकाची झोप, तिन्ही वाचवणारं हे काम आहे. सर्वांत छोट्या मार्गापेक्षा मला ते मोलाचं वाटतं.

गॅस सिलिंडरच्या गाडीची तऱ्हा उलटी. भरलेला दिला, रिकामा घेतला. दिवसभर वजन घटत जातं, जागा मात्र जशीच्या तशी भरलेली!

वाट गाडी बघून

शिवडी ते चिर्ले हा 21.8 किलोमीटरचा अटल सेतू जानेवारी 2024 मध्ये खुला झाला. त्यावर दुचाकी आणि रिक्षांना बंदी. म्हणजे उरणहून मुंबईला एकच पार्सल न्यायचं असलं, तरी मोटारीचा नकाशा वेगळा आणि स्कूटरचा वेगळा.

आणि पत्त्यांची चळत

मुंबईचे डबेवाले 1890 पासून उचल आणि पोच दोन्ही करतात, पण पूर्ण मार्ग कुणी एकजण आखत नाही. डब्यावरच्या खुणा बघून स्टेशनवर वाटणी होते आणि प्रत्येकजण आपला टप्पा सांभाळतो. अमेरिकेत अटलांटामध्ये 1980 च्या दशकात घरपोच जेवण पुरवणाऱ्या संस्थेसाठी बार्थोल्डी आणि सहकाऱ्यांनी असाच बिनसंगणकी मार्ग काढला. शहराच्या नकाशावर सगळीकडे फिरणारी एकच नागमोडी रेघ कल्पिली आणि प्रत्येक पत्त्याला त्या रेघेवरचा क्रमांक दिला. क्रमांकाने कार्डं लावली, की मार्ग तयार. नवं गिऱ्हाईक आलं तर एक कार्ड मधे खोचायचं, कुणी कमी झालं तर काढायचं. या पद्धतीचा मार्ग सर्वोत्तम मार्गापेक्षा सरासरी पाव हिश्शाने लांब पडतो, पण तो सकाळी डबे भरून होईपर्यंत हातात असतो.