डॉ. श्रीराम लागू : मोडून पडणाऱ्या माणसांचा नट

डॉ. श्रीराम लागू पूर्णवेळ नट झाले ते १९६९ साली, चाळिशी उलटल्यावर. १९२७ साली साताऱ्यात जन्मलेले लागू पुण्याच्या बी. जे. मेडिकलमध्ये शिकून कान-नाक-घशाचे सर्जन झाले. भालबा केळकरांच्या पीडीए या नाट्यसंस्थेत हौशी नाटकं चालूच होती. पुढे टांझानियात प्रॅक्टिसही केली. जम बसलेला व्यवसाय सोडून ते रंगभूमीवर आले, तेव्हा जग पाहिलेला, वाचलेला, विचाराला पक्का माणूस मराठी नाटकाला आयता मिळाला.

त्यानंतरची पाच-सहा वर्षं अवाक करणारी आहेत. २३ डिसेंबर १९७० रोजी गोवा हिंदू असोसिएशनच्या ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग झाला. पोटच्या मुलांकडूनच बेघर होणारा वृद्ध गणपतराव बेलवलकर लागूंनी उभा केला तो अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी. त्याच सुमारास त्यांनी तेंडुलकरांचं ‘गिधाडे’ दिग्दर्शित केलं. साडीवरच्या रक्ताच्या डागाला सेन्सॉरने हरकत घेतली, तेव्हा त्यांनी डाग निळा केला आणि तो लाल समजावा, असं प्रेक्षकांना सांगून टाकलं. १९७२ साली शांतारामबापूंच्या ‘पिंजरा’त तत्त्वनिष्ठ मास्तर तमाशाच्या फडात घसरत गेला. १९७५ साली आला जब्बार पटेलांचा ‘सामना’, त्यातही त्यांनी मास्तरच उभा केला.

गणपतराव आणि हे दोन मास्तर, तिघेही मोडून पडलेले. पण लागूंनी त्यांची कीव येऊ दिली नाही. ‘सामना’तला दारुडा मास्तर सत्ताधीश हिंदुराव धोंडे पाटलाच्याच आश्रयाला राहतो, त्याचंच खातो आणि बेपत्ता मारुती कांबळेचं काय झालं, हे त्यालाच विचारत राहतो. अंगावर मळके कपडे, पाय लटपटणारे. नजर मात्र हटत नाही. समोर निळूभाऊ फुल्यांसारखा ताकदीचा नट असल्यामुळे ही जुगलबंदी आजही श्वास रोखून पाहावी लागते.

याशिवाय ‘हिमालयाची सावली’ हे नाटक, ‘सिंहासन’, ‘घरौंदा’, ॲटनबरोंच्या ‘गांधी’मधले गोपाळ कृष्ण गोखले. हिंदीत बऱ्याचदा वाट्याला आल्या त्या ठोकळेबाज वडिलांच्या भूमिका. त्यांची खरी उंची मराठीतच मोजावी लागते.

रंगमंचाबाहेरही ते तितकेच ठाम होते. देवाला रिटायर करा, हे त्यांनी उघडपणे लिहिलं आणि त्याबद्दलचा रोषही सोसला. सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन मिळावं म्हणून निळूभाऊंसह ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग गावोगाव करून सामाजिक कृतज्ञता निधीला हातभार लावला. १७ डिसेंबर २०१९ रोजी, वयाच्या ९२व्या वर्षी ते गेले.

आजही स्पर्धांमध्ये मुलं बेलवलकरांची स्वगतं जीव ओतून म्हणतात. त्यांनी सोबत ‘सामना’ही जरूर पाहावा. तिथे हाच नट एका साध्या प्रश्नाने सत्तेला जेरीस आणतो.