न्याहारीला उंदीर

न्याहारीच्या वेळी साऱ्या देशानं पाहावा असा दूरचित्रवाणी कार्यक्रम ब्रिटनला मिळाला तो १७ जानेवारी १९८३ रोजी. बीबीसीच्या त्या ‘ब्रेकफास्ट टाइम’मध्ये फ्रँक बाऊ आणि सेलिना स्कॉट लाल सोफ्यावर बसून गप्पा मारत. बातम्या, राशिभविष्य, व्यायाम. म्हणजे आपली रविवारची पुरवणीच म्हणा ना!

दोनच आठवड्यांनी टीव्ही-एएम ही खासगी कंपनी रिंगणात उतरली. डेव्हिड फ्रॉस्ट, अँजेला रिपन, ॲना फोर्ड, मायकेल पार्किन्सन, रॉबर्ट की असे पाच दिग्गज तिच्याकडे. घडामोडींमागचा अर्थ प्रेक्षकांना उलगडून सांगायचा, हा संकल्प. पण मुलांना शाळेत धाडण्याच्या घाईत असलेल्या घराला सकाळी सातला अर्थ नको असतो, घड्याळ हवं असतं. प्रेक्षक फिरकेनात, जाहिराती येईनात. एप्रिलमध्ये रिपन आणि फोर्ड यांना नारळ मिळाला. बुडती नाव सावरली ती रोलंड रॅट नावाच्या बाहुल्यानं, एका उंदरानं! सुट्टीतली मुलं पडद्यासमोर बसली.

पुढे कंपनी भरपूर नफ्यात आली. तरीही १९९१ साली परवान्याचा लिलाव झाला. तिची बोली वर्षाला सुमारे १ कोटी ४१ लाख पौंडांची, प्रतिस्पर्ध्याची ३ कोटी ४६ लाखांची. बँकेत हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला प्रश्न पडतो, एवढे पैसे सरकारजमा केल्यावर कार्यक्रमावर खर्चायला उरणार काय? ३१ डिसेंबर १९९२ला टीव्ही-एएम बंद झाली; दुसऱ्या सकाळी जीएमटीव्ही सुरू.

उंदीर मात्र १९८५ सालीच बीबीसीत गेला होता.