घाटमाथ्यावरील दूरचा पाहुणा : अमूर ससाणा

नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबरपर्यंत, मावळांतील गवत पिवळें पडूं लागलें म्हणजे, लोणावळ्याच्या आसपास घाटमाथ्यावर कधीं कधीं लहानशा ससाण्यांचे थवे दिसतात. हा अमूर ससाणा होय. आग्नेय सैबेरिया, मांचुरिया व उत्तर चीन या प्रदेशांत त्याची वीण होते, आणि आपला हिंवाळा तो आफ्रिकेच्या दक्षिण भागांत काढतो. नर राखी रंगाचा व नारिंगी पायांचा. मादीच्या पांढुरक्या छातीवर काळसर ठिपके. वजन जेमतेम १५० ग्रॅम. परंतु त्याचा जाण्यायेण्याचा प्रवास वर्षाकाठीं २०,००० किलोमीटरांहून अधिक भरतो.

एवढ्या लहान पक्ष्याची वाट माणसाला कळली कशी? पक्ष्याच्या पाठीवर सुमारें ५ ग्रॅम वजनाचें, सूर्यप्रकाशावर चालणारें प्रेषकयंत्र बसवितात. त्याचे संदेश आकाशांतील उपग्रह टिपतात. खंडाळ्याच्या घाटांत आगगाडी जवळ येतांना तिची शिट्टी चढ्या सुरांत व दूर जातांना उतरत्या सुरांत ऐकूं येते. तसाच फरक धांवत्या उपग्रहाला पोंचणाऱ्या संदेशाच्या कंपनांत पडतो, आणि त्यावरून गणितानें पक्ष्याचें ठिकाण काढतां येतें.

या यंत्रानें ज्ञान वाढविलें, तसेंच पक्ष्यांचें रक्षणहि केलें. नागालँडच्या वोखा जिल्ह्यांत दोयांग जलाशयाच्या कांठीं हे ससाणे दरसाल लाखोंनीं उतरतात. २०१२ च्या शरदांत तेथें जाळीं लावून त्यांची अपरिमित हत्या झाल्याचें उघडकीस आलें. ग्रामसभा, चर्च, सरकार व पक्षिमित्र यांनीं एकत्र येऊन २०१३ मध्यें ती थांबविली. त्याच वर्षीं भारतीय वन्यजीव संस्थेनें तीन ससाण्यांवर यंत्रें बसविलीं, आणि त्यांना नागा, वोखा व पांगटी अशीं तेथल्याच लोकांचीं व स्थळांचीं नांवें दिलीं. नांव मिळालेला पक्षी परका राहत नाहीं. त्याची खुशाली गांव विचारूं लागतें.

पुढें नोव्हेंबर २०२५ मध्यें मणिपुरांतून सोडलेल्या तीन पक्ष्यांपैकीं अलांग नांवाची तरुण मादी द्वीपकल्प ओलांडून थेट केनियांत पोंचली. सुमारें ५,६०० किलोमीटरांचा हा पल्ला तिनें साडेसहा दिवसांत गांठला. वाटेंत तिनें तेलंगणांत एक रात्र आणि आपल्या महाराष्ट्रांत अवघी तीन तास विश्रांति घेतली!

या तीन तासांचें मोल मोठें आहे. सह्याद्रि उतरून कोंकणपट्टी मागें पडली, कीं पुढें अरबी समुद्र. अडीच-तीन हजार किलोमीटरांपर्यंत बसावयास एक फांदीहि नाहीं. ईशान्येचा वारा पाठीमागून साथ देतो. त्याच वाऱ्यावर समुद्रापार जाणारे चतुर हें त्याचें वाटेंतील भक्ष्य असावें, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. पण निघतांना अंगांत जी चरबी असेल तीच खरी शिदोरी. मावळांत उतरलेला ससाणा गवतावरील नाकतोडे, टोळ व उडते किडे टिपतो तो ही शिदोरी पुरी करण्यासाठीं.

म्हणून आपणांस दोन गोष्टी करतां येतील. छायाचित्राच्या मोहानें त्याच्यामागें गवतांत मोटार घालूं नये. बसलेल्या थव्यास उडविल्यानें त्याची जमविलेली शक्ति व्यर्थ खर्च होते. आणि घाटमाथ्यावरील गवताळ पठारांस 'पडीक' म्हणण्याची संवय सोडावी. तीं जाळलीं, विषारी औषधांनीं निष्कीटक केलीं किंवा बंगल्यांखालीं झांकलीं, तर पाहुण्यासाठीं ताट उरणार नाहीं. दोयांगच्या गांवकऱ्यांनीं हातांतलीं जाळीं सोडलीं. आपल्याला तर केवळ थोडें गवत राखावयाचें आहे.