सांगितलं होतं तिनं

गुढीपाडवा झाला की आमच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला गेलेली माणसं परत येतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, कोपीच्या, म्हणजे फडावरच्या झोपडीच्या, चटया, शेळ्या आणि त्या सगळ्यांच्या वर बसलेली लेकरं. दसऱ्या-दिवाळीला कुलूप लावून गेलेली घरं उघडतात. त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत माझ्याकडं बायका यायला लागतात. तालुक्याच्या कोर्टात वकिली करून मला तीस वर्षं होतील. दरवर्षी हा काळ असाच जातो.

अशाच एका एप्रिलमध्ये बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली एक बाई आली. तिचं नाव, गाव लिहिणार नाही. वय सव्वीस, लग्न सोळाव्या वर्षी झालेलं, दोन लेकरं. डावा हात कोपरापासून जरा वाकडाच राहत होता. बसल्या बसल्या तिनं पिशवीतून पिठाचा डबा काढला, पिठात हात घातला आणि प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला एक्स-रे बाहेर काढला.

“वकीलताई, सासरी कुणी पिठात हात घालीत नाही. म्हणून इथं ठेवला.”

जानेवारीत, कोल्हापूरकडच्या एका उसाच्या फडावर, नवऱ्यानं लाकडानं मारून तिचा हात मोडला होता. दवाखान्यात नवरा सोबत होता. चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलं, पाय घसरून पडली. मी तिला नेहमीचा प्रश्न विचारला: तेव्हा कुणाला सांगितलंस?

ती माझ्याकडं बघतच राहिली. “समद्यांला सांगितलं की.”

आईला फोनवर सांगितलं. मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या बायकोला सांगितलं. शेजारच्या कोपीतल्या जावेनं तर डोळ्यांनी पाहिलं होतं. जवळच्या पोलीस चौकीत गेली, तर तिथं म्हणाले, तुमचं गाव बीडकडं, तिकडं जाऊन तक्रार द्या. पाडव्याला गावी आल्यावर इथल्या चौकीत गेली, तर म्हणाले, घटना तिकडं घडली, तिकडं जा. दोन्ही ठिकाणी एक अक्षर कुणी कागदावर घेतलं नाही.

2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात लग्न झालेल्या चार बायकांमागं एकीनं नवऱ्याकडून हिंसा सोसलेली आहे. देशभरात हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या जेमतेम 14 टक्के. हे आकडे वाचून लोक म्हणतात, बायका बोलतच नाहीत. माझा अनुभव वेगळा आहे. बायका बोलतात. आईशी, बहिणीशी, पाणवठ्यावर, फोनवर, अर्ध्या वाक्यात बोलतात. त्या बोलण्याला तक्रार मानायला कुणी तयार नसतं.

याची पहिली ओळख मला सातवीत असताना झाली. 1982 चा जून. बीड शहरातली मंजुश्री सारडा पुण्याला सासरी वारली, ही बातमी गल्लीगल्लीत पोचली होती. फेब्रुवारीत लग्न झालं होतं आणि 11 जूनच्या रात्री ती गेली. लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते. पोटात सायनाइड सापडलं. आमच्या घरात बाया दार लोटून बोलायच्या आणि आम्ही मुली दाराला कान लावून ऐकायचो. एवढंच कळायचं, की तिनं बीडला बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रं लिहिली होती. मे अखेरीस ती माहेरी येऊनही गेली होती. परत जायला मन नव्हतं तिचं, तरी गेली.

पुढं कायद्याचं शिक्षण घेताना ती मला पुन्हा भेटली, पाठ्यपुस्तकात. पुण्याच्या सत्र न्यायालयानं तिच्या पतीला फाशीची शिक्षा दिली, मुंबई उच्च न्यायालयानं ती कायम केली आणि 17 जुलै 1984 रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्याची निर्दोष मुक्तता केली. मंजुश्रीनं निराशेतून स्वतःच विष घेतलं असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असं न्यायालयानं म्हटलं. परिस्थितीजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या याच निकालात मांडल्या गेल्या आणि वकिलीचं शिक्षण घेणारं प्रत्येक पोर आजही त्या पाठ करतं. त्या कसोट्यांशी माझं भांडण नाही. पुराव्यावाचून कुणालाही फासावर चढवू नये. पण मी तो निकाल वाचताना अडकले ते तिच्या पत्रांपाशी. ती पत्रं पुरावा म्हणून घ्यायची की नाही, यावर न्यायमूर्तींचंच एकमत नव्हतं. जिवंत असताना तिनं लिहिलेल्या ओळींची सरकारी कागदांत नोंद झाली ती तिच्या मृत्यूनंतर: निशाणी 30, 32 आणि 33.

ती सासरी नांदत होती तेव्हा आजचे कायदे नव्हतेच. पती आणि सासरच्यांच्या क्रौर्याला गुन्हा ठरवणारं कलम 498-अ 1983 च्या डिसेंबरात आलं. आता ते भारतीय न्याय संहितेत 85 आणि 86 क्रमांकांवर आहे. हुंडाबळीचं कलम 1986 मध्ये आलं. मंजुश्री सारडा आणि शैला लाटकर यांच्या मृत्यूंनी हादरलेल्या पुण्यातल्या बायकांनी, विद्या बाळ त्यांच्यात होत्या, नारी समता मंच उभा केला. ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन महाराष्ट्रात फिरवलं आणि पुढं ‘बोलते व्हा’ नावाचं केंद्र सुरू केलं. बोलायला जागा हवी, ऐकून घेणारं माणूस हवं, हे त्यांनी ओळखलं होतं. 1988 मध्ये संगमनेरला निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परित्यक्तांची परिषद भरवली, तेव्हा ‘टाकलेली’ म्हणून कोपऱ्यात बसवलेल्या बायका पहिल्यांदा मांडवात येऊन बोलल्या.

आता पुन्हा त्या एक्स-रेकडं येते.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा 2005 चा. 26 ऑक्टोबर 2006 पासून तो लागू आहे. हा कायदा बाईला आधी विचारतो, तुला काय हवंय? मारहाण थांबवणारा आदेश, घरात राहण्याचा हक्क, खावटी, दवाखान्याचा खर्च, लेकरांचा ताबा, नुकसानभरपाई, यातलं जे हवं ते ती एकाच अर्जात मागू शकते. घटस्फोट घ्यावा लागत नाही. नवऱ्याला तुरुंगात घालण्यासाठी हा अर्ज नसतो. मात्र संरक्षणाचा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 20 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. घर सासऱ्याच्या नावावर आहे म्हणून सुनेला बाहेर काढता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं.

आमच्या जिल्ह्याच्या दृष्टीनं या कायद्यातलं सोन्याचं कलम म्हणजे 27 वं. बाई जिथं कायमची राहते, तात्पुरती राहते किंवा काम करते, नवरा जिथं राहतो किंवा जिथं मारहाण झाली, यांपैकी कुठल्याही ठिकाणच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडं अर्ज करता येतो. म्हणजे कोल्हापूरच्या फडावर मोडलेल्या हाताचा अर्ज बीड जिल्ह्यात चालतो. माहेरी आश्रयाला आलेली बाई क्रौर्याचा गुन्हा माहेरच्या पोलीस ठाण्यातही नोंदवू शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये सांगितलं आहे. “तिकडं जा” हे दोन शब्द कायद्यात कुठंच नाहीत.

पण फडावरची हिंसा समजून घ्यायची तर मुकादमाची वही वाचावी लागते. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दोघांच्या जिवावर मिळते, पण मुकादमाकडून ती घेतो नवरा. हंगाम सुरू व्हायच्या आधीच ती कर्जात, लग्नात किंवा दारूत गेलेली असते. काम चुकलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. मार खाऊन बाई माहेरी निघाली तर कोयता मोडतो आणि फिटायची उचल डोक्यावर राहते. म्हणून तिला अडवायला नवरा एकटा नसतो. मुकादम असतो, टोळी असते, कधीकधी तिचा सख्खा भाऊसुद्धा असतो. “हंगाम होऊ दे, मग बघू.” एक्स-रे घेऊन आलेली ती बाईही मोडलेला हात गळ्यात बांधून दोन महिने एका हातानं मोळ्या सरकवत होती.

बीडच्या बायकांच्या शरीरावर काय गुदरतं, हे मोजल्याशिवाय सरकारदरबारी खरं ठरत नाही, हे 2019 मध्येही दिसलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या पाहणीत जिल्ह्यातल्या 82 हजार 309 ऊसतोड महिलांपैकी 13 हजार 861 जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्या बायका त्याआधीही दवाखान्यांत जात होत्या, दुखणं सांगत होत्याच.

एक्स-रे घेऊन आलेल्या त्या बाईला मी संरक्षण अधिकाऱ्यांकडं घेऊन गेले. महिला व बालविकास विभागाचे हे अधिकारी कौटुंबिक घटना अहवाल भरून घेतात. तारीख, जागा, कशानं मारलं, कोण हजर होतं, पैसा कुणी ठेवून घेतला, सगळं. तो भरायला दुपार गेली. ती मधेच थांबायची, म्हणायची, हे पण लिहायचं? मी म्हणायचे, हे पण लिहायचं. फीचा प्रश्न नव्हता. उत्पन्न कितीही असो, प्रत्येक स्त्रीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

कायदा म्हणतो, पहिली तारीख सर्वसाधारणपणे तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत देण्याचा प्रयत्न करावा. आम्हाला अंतरिम आदेश मिळायलाच पाच महिने लागले. नवऱ्यानं सांगितलं, मला काहीच कमाई नाही. तेव्हा आम्ही उचलीचा हिशेब मागितला: कोयत्यात दोन माणसं असतील तर उचलीतलं अर्धं कष्ट कुणाचं? लेकरांसाठी आणि तिच्यासाठी महिना तीन हजार रुपये आणि घराच्या एका खोलीत राहण्याचा आदेश झाला. दिवाळीआधी नवरा फडावर गेला, ती गेली नाही. तिच्या आयुष्यातला गावात काढलेला तो पहिला हिवाळा.

तीन हजारांत काय होतं, असं कुणी विचारेल. फारसं काही होत नाही. ती रोजंदारीला जाते, मोठी मुलगी मात्र वर्षभर एकाच शाळेत बसली. मला खटकतं ते वेगळंच: ज्या सहा महिन्यांत आमच्या बायकांना सगळ्यांत जास्त मार बसतो, त्या सहा महिन्यांत त्या कुठं आहेत हे मुकादमाच्या वहीत असतं, संरक्षण अधिकाऱ्याच्या वहीत नसतं. ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ आहे, कारखान्यांकडं टोळ्यांच्या याद्या आहेत. गळीत हंगामात कारखान्याच्या तळावर आठवड्यातून एकदा महिला अधिकारी बसवणं अवघड नाही. ते व्हायलाच हवं.

तोवर हे तुमच्या-माझ्या हातात आहे. आशाताई, अंगणवाडीताई, शिक्षक, शेजारीण, आई, कुणीही असा; ती सांगेल तेव्हा तारीख टाकून लिहून ठेवा. दवाखान्यात तिच्यासोबत नवऱ्याशिवाय दुसरं कुणीतरी जा आणि जखम कशानं झाली ते डॉक्टरांना खरं सांगू द्या. ती घाबरली असेल तर 181 ही महिला हेल्पलाइन आहे, तातडीला 112 आहे, मोफत वकिलासाठी 15100 आहे. हे आकडे तिला पाठ करायला लावा, कारण तिचा मोबाइल बहुधा नवऱ्याच्या खिशात असतो. आणि तुमच्या बहिणीचा, मैत्रिणीचा, लेकीचा असा एखादा मेसेज तुमच्या फोनमध्ये पडला असेल, तर तो पुसू नका. आजच तिच्याकडं जा.